सव्वा हात

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात रब्बीची पेरणी लागायची ती उत्तरा सरता सरता. पाऊस उघडलेला, वाफसा आलेला, आणि मग आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नसायचा. अण्णा तिफण हाकायचे आणि आई चाड्यावर असायची. बियाणं मालदांडी ज्वारीचं. आईच्या मुठीतून दाणे चाड्यात, चाड्यातून तीन नळ्यांत आणि नळ्यांतून तीन फणांमागे जमिनीत. बैल त्या टोकाला जाऊन परत आले की सहा तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, पडलेली असायची. मी बांधावर बसून ती मोजायची.

तिफणीच्या दोन फणांत एक हात अंतर होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हा हात साधारण १८ इंचांचा, म्हणजे ४५ सेंटीमीटर. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत आजही एवढंच अंतर ठेवायला सांगतात. अण्णांकडे त्या मापाची बाभळीची एक काठी होती. तिफण आपल्या तीन तासांची जबाबदारी घेते, चौथ्याची घेत नाही. परतीच्या फेरीत पहिला फण मागच्या शेवटच्या तासापासून बरोबर एका हातावर पडला पाहिजे, आणि ते माणसाने नजरेने सांभाळायचं. अण्णा पलीकडच्या बांधावरचं एखादं झाड धरायचे आणि दोन बैलांच्या मधून त्यावरची नजर काढायचे नाहीत. पहिलं तास मोठ्या बांधाला धरून पडलं की पुढची सगळी त्याच्या मागोमाग जायची.

रान आयताकृती नव्हतं. मोठा बांध सरळ होता, पण ओढ्याकडची बाजू तिरपी. सगळी तासं मोठ्या बांधाच्या दिशेने चाललेली आणि ओढ्याच्या बांधावर येऊन तिरपी टेकलेली. मी तेव्हा पाचवीत असेन. अण्णा बैलांना पाणी दाखवायला गेले होते. मी त्यांची काठी घेतली, ओढ्याच्या बांधावर गेले आणि बांधाच्या कडेकडेने एका तासाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजलं. काठी पुरली नाही. वर सहा बोटं उरली. पुढच्या दोन तासांत पाहिलं, तिथेही सहा बोटं. सगळीकडे सहा.

मी पळत गेले. "अण्णा, तासं लांब पडल्यात. काठी पुरंना झालीय."

ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. माझ्याबरोबर आले, काठी घेतली, त्याच दोन तासांवर ठेवली, पण वळवून. तासांना आडवी. काठीची दोन टोकं दोन तासांवर नेमकी बसली.

"काठी आडवी धरायची. बांधावर नाही धरायची," एवढं म्हणून ते बैलांकडे गेले.

मी बराच वेळ तिथेच उभी होते. तासं तीच, काठी तीच. बांधाच्या कडेने मोजलं तर एक हात सहा बोटं, आडवं मोजलं तर एक हात. चोवीस बोटांचा एक हात, म्हणजे सहा बोटं पाव हाताची. सव्वा हात आणि एक हात, दोन्ही खरं.

आज मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. 'सरळ रेषा' हा धडा आला की दरवर्षी एक उदाहरण येतंच: दिलेल्या रेषेला समांतर आणि दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. दोन गुणांचं, फार तर तीन. मुलांना ते सोपं वाटतं आणि परीक्षेच्या दृष्टीने सोपं आहेच. माझ्या वर्गात बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. दहावीपर्यंत त्यांच्या पुस्तकात 'चढ' होता. अकरावीला विज्ञान शाखेत आली की पुस्तक इंग्रजी होतं आणि चढाचा 'स्लोप' होतो. पहिला महिना मी दोन्ही शब्द जोडीने बोलते. त्या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याची मला काळजी वाटते, कारण कितीतरी मुलांचा गणितावरचा विश्वास त्याच महिन्यात जातो. आणि गणित तर तेवढंच असतं, बदललेले असतात फक्त शब्द.

फळ्यावर मी इंग्रजी अक्षरं लिहिते. इथे क्ष आणि य लिहिते.

समजा रेषा दिली आहे ३क्ष − ४य + १२ = ० आणि बिंदू दिला आहे (८, २). आधी रेषा काय सांगते ते ऐकायचं. य एकटा काढला तर य = (३/४)क्ष + ३. उजवीकडे चार पावलं गेलात तर वर तीन पावलं जायचं, हा तिचा चढ. पाऊण. आणि ती य-अक्षाला ३ वर छेदते. समांतर रेषेचा चढ हाच असणार, त्यामुळे ३ आणि ४ हे आकडे आपल्याला आयते मिळाले. राहिला एकच आकडा. म्हणून नवी रेषा लिहायची ३क्ष − ४य + क = ०, आणि क कोण हे बिंदूला विचारायचं. क्षच्या जागी ८, यच्या जागी २ घातले की २४ − ८ + क = ०, म्हणून क = −१६. उत्तर ३क्ष − ४य − १६ = ०.

तीन ओळींत संपतं. पण इथे मी थांबते आणि मुलांना क कडे बघायला लावते. क ला एकेक किंमत देत गेलं तर एकेक रेषा मिळते, सगळ्या एकाच चढाच्या. गणितात याला रेषांचं कुळ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. कागदावरचा कुठलाही बिंदू घ्या, तो या कुळातल्या एका रेषेवर असतोच, आणि एकीवरच असतो. एकही बिंदू बाहेर राहत नाही. मला ते पेरलेलं रान दिसतं. क म्हणजे तासाचा नंबर. बिंदू म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात ती जागा. आपण जिथे उभे आहोत ते तास कोणतं, एवढंच त्या उदाहरणात विचारलेलं असतं.

असं सांगितलं की शेतकऱ्यांच्या मुलांचे खांदे जरा सैल होतात. ती माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त असतात.

या उदाहरणात मुलं कुठे अडतात ते आता मला पाठ झालं आहे. एकदा एका मुलाला बिंदू मिळाला (४, ६). त्याने क काढला तर आला १२. म्हणजे दिलेलीच रेषा परत आली. आपलं काहीतरी चुकलं म्हणून त्याने सगळं खोडलं आणि शेजारच्याचं बघून लिहिलं. त्याचं बरोबर होतं. बिंदू मूळ रेषेवरच होता, मग वेगळी रेषा येणार कुठून? ते खोडलेलं पान पाहून मला वाईट वाटलं. चूक केल्याचं इतकं वाटत नाही, बरोबर असून खोडल्याचं वाटतं.

दुसरी अडचण उभ्या रेषेची. क्ष = ५ या रेषेला समांतर, (−२, ७) मधून जाणारी. मुलं चढ शोधायला जातात आणि शून्याने भागायची वेळ येते. उभ्या रेषेला चढ नसतो. शून्य चढ तो आडव्या रेषेचा. उभीला चढ सांगताच येत नाही. पण कुळ असतंच. क्ष = ५ च्या कुळातल्या रेषा क्ष = काहीतरी अशाच असणार, आणि आपल्या बिंदूचा क्ष −२ आहे. उत्तर क्ष = −२. चढाचं सूत्र इथे सोडून द्यावं लागतं, कुळ धरून ठेवावं लागतं.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वरच्या दोन रेषांमधलं अंतर किती, असं विचारलं की निम्मा वर्ग सात म्हणतो. पहिली रेषा य-अक्षाला ३ वर छेदते, दुसरी −४ वर, फरक ७. म्हणजे त्यांनीही काठी बांधावर धरलेली असते. अंतर मोजायचं रेषांना आडवं, काटकोनात. सूत्राने काढलं तर १२ आणि −१६ यांतला फरक २८, भागिले ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग यांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ५. उत्तर ५.६. अक्षावर सात, आडवं साडेपाचच्या थोडं वर. सातला पाचाने गुणून चाराने... नाही, उलटं: ५.६ ची सवाई सात. ५.६ आणि १.४, सात.

कॉलेजात पहिल्यांदा हे सूत्र समजलं त्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर आमचं रान काढलं. ओढ्याचा बांध म्हणजे य-अक्ष, मोठ्या बांधाचा आणि ओढ्याच्या बांधाचा कोपरा म्हणजे आरंभबिंदू. तासं एकमेकांपासून एक हातावर, बांधावर मोजली तर सव्वा हात. मग चढ किती असेल? पाच, चार आणि तीन या बाजूंचा काटकोन त्रिकोण समोर उभा राहिला. पाऊण. चढ पाऊण असला की एका हाताचा सव्वा हात होतो. पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी बांधावरून पावलांनी मोजलं आणि ते जवळपास जुळलं. आमच्या आजोबांच्या पिढीला पाउणकी आणि सवायकी, म्हणजे पाऊणचे आणि सव्वाचे पाढे, पाठ असायची. माझ्या वाट्याला ती आली नव्हती, पण त्या दिवशी पाऊण आणि सव्वा या दोन शब्दांचं नातं मला पहिल्यांदा दिसलं, आणि तेही आमच्याच रानात.

मराठीत आपण या रेषांना समांतर म्हणतो. शब्द फोडून पाहा: सम अंतर. अंतर सगळीकडे सारखं. शाळेत व्याख्या मात्र वेगळी शिकवतात: एकाच प्रतलातल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा. अलेक्झांड्रियातल्या ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास केलेली व्याख्याही तीच. दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी कुठेच न मिळणाऱ्या रेषा. तिच्यात अंतराचा उल्लेखच नाही. कधीच न भेटणं आणि कायम सारख्या अंतरावर असणं, हे आपल्याला एकच वाटतं. मलाही वाटायचं. इतकं एकच वाटायचं की पंधरा वर्षं शिकवूनही मी त्यात थांबून पाहिलं नव्हतं.

रेल्वेचे रूळ हे समांतर रेषांचं उदाहरण म्हणून प्रत्येक पुस्तकात असतं. आमच्याकडची जुनी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, १८९७ मध्ये सुरू झालेली, रुळांत अडीच फूट अंतर. आता तिथे सगळीकडे ब्रॉडगेज झालं आहे, १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. पण गाडी वळणावर आली की रुळांतलं अंतर तेवढंच राहतं आणि रूळ रेषा राहत नाहीत, कंस होतात. काटकोनात वळायचं झालं तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा साधारण २.६ मीटर लांब लागतो, वळण मोठं असो की लहान. म्हणजे सम अंतर आहे, पण सरळ रेषा नाहीत. उताराला आडवी पेरणी करताना बांधाच्या वळणाने जाणारी तासंही तशीच. आपला शब्द त्या रुळांना आणि त्या तासांनाही चपखल बसतो. युक्लिडची व्याख्या तिथे लागूच होत नाही.

मग अलीकडे एका मुलीने मला तो प्रश्न विचारला. तोपर्यंत कुणी विचारला नव्हता.

मी फळ्यावर लिहिलं होतं की दिलेल्या बिंदूतून दिलेल्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा जाते. शेवटून दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. एरवी ती बोलत नाही. "मॅडम, एक जाते ते दिसतंय. पण एकच कशावरून? दुसरी अगदी थोडीशी तिरपी असली, आणि लई लांब जाऊनसुद्धा भेटली नाही तर?"

मी म्हणाले, "क ची किंमत एकच येते ना? मग रेषा एकच." उत्तर चुकीचं नव्हतं. ती खाली बसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं, आणि घरी जाईपर्यंत माझंही राहिलं नाही.

त्या आठवड्यात मी युक्लिड पुन्हा काढला. बी.एस्सी.ला वाचला होता तो परीक्षेपुरता. आता तिचा प्रश्न हातात धरून वाचला. पहिल्या भागातलं एकतिसावं प्रमेय म्हणजे आपलंच उदाहरण, समीकरणाशिवाय: दिलेल्या बिंदूतून दिलेल्या रेषेला समांतर रेषा काढा. तो बिंदूपासून रेषेपर्यंत एक छेदिका काढतो, तिने रेषेशी केलेला कोन उचलतो आणि बिंदूपाशी व्युत्क्रम कोन म्हणून ठेवतो. पट्टी धरून गुण्या सरकवतो आपण, तेच. कोन न बदलता जागा बदलायची. अशी काढलेली रेषा पहिलीला कुठेही भेटणार नाही हे तो सिद्ध करतो, आणि त्यासाठी त्याला पाचवं गृहीतक लागत नाही. म्हणजे एक तरी समांतर रेषा आहे, हे सिद्ध होतं.

एकच आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. तिथे पाचवं गृहीतक लागतं: छेदिकेच्या एका बाजूच्या दोन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात. "थोडीशी तिरपी असली तर?" या तिच्या प्रश्नाचं हे उत्तर. तिरपी असली तर भेटते. का भेटते? गृहीत धरलं म्हणून. युक्लिडने पहिली अठ्ठावीस प्रमेयं या गृहीतकाला हात न लावता काढली आहेत, एकोणतिसाव्याला ते पहिल्यांदा वापरलं. मला ती त्याची सावधगिरी वाटते. त्यालाही हे गृहीतक बाकीच्या चारांसारखं उघड वाटलं नसावं.

आज पुस्तकात जे एका ओळीत येतं, ते "एक आणि एकच", त्याला जॉन प्लेफेअर या स्कॉटिश गणितज्ञाचं नाव आहे. १७९५ मध्ये त्याने आपल्या पुस्तकात ते तसं मांडलं. पण त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी जणांनी हे गृहीत न धरता सिद्ध करायचा प्रयत्न केला. उमर खय्यामने केला, तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने केला, १७३३ मध्ये इटलीतल्या साकेरीने तर त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तुसीने तयार केलेली युक्लिडची अरबी प्रत पुढे जयपूरला सवाई जयसिंहाच्या दरबारी आली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या दरबारातल्या सम्राट जगन्नाथ या ज्योतिषी पंडिताने तिच्यावरून संस्कृतात 'रेखागणित' रचलं. ते मुंबई संस्कृत मालेत १९०१ आणि १९०२ साली दोन भागांत छापलं गेलं. पुण्यातल्या एका ग्रंथालयात मी ते हातात घेऊन पाहिलं आहे. माझं संस्कृत शाळेपुरतंच. तरीही आकृती ओळखीच्या होत्या. अलेक्झांड्रियातून बगदाद-इराणकडे, तिथून जयपूरला आणि मग मुंबईच्या छापखान्यात आलेल्या आकृती, आणि त्यांच्याबरोबर आलेला तोच प्रश्न.

हंगेरीतल्या फार्कश बोयाई याने आयुष्याची कितीतरी वर्षं या गृहीतकात घालवली. मुलगा यानोश त्याच वाटेने निघाला तेव्हा बापाने त्याला पत्रातून विनवलं, की या समांतर रेषांच्या वाटेला जाऊ नकोस, मी तो अंधार तळापर्यंत पाहिला आहे. यानोशने ऐकलं नाही. एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात असं मानूनही एक सुसंगत भूमिती उभी राहते, हे त्याने दाखवलं. १८३२ मध्ये ते छापलं गेलं, बापाच्याच पुस्तकाचं परिशिष्ट म्हणून. रशियातल्या कझानमध्ये लोबाचेव्हस्कीने १८२९ पासून तेच स्वतंत्रपणे छापायला सुरुवात केली होती. बापाचं ते पत्र मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला त्याच्याबद्दल माया वाटते. मुलाला त्या वाटेवर जाऊ न देण्यात त्याची काळजी होती, आणि शेवटी स्वतःच्या पुस्तकात त्यानेच मुलाला जागा दिली.

बोयाईच्या त्या भूमितीत एका रेषेपासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू जोडले तर ते सरळ रेषेत येत नाहीत. हे वाचलं आणि आपला शब्द पुन्हा आठवला. सम अंतर. न भेटणाऱ्या दोन रेषा एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतात, हे म्हणणंच पाचव्या गृहीतकाएवढं आहे. जे सिद्ध करायला माणसांनी दोन हजार वर्षं घालवली, ते मराठीत शब्दातच बसलेलं आहे. आपण "समांतर" म्हणतो त्याच क्षणी ते मान्य करतो.

गोलावर तर एकही समांतर रेषा नाही. रेखावृत्तं विषुववृत्ताला सगळी काटकोनात असतात, तिथे एकेका अंशाच्या दोन रेखावृत्तांत १११ किलोमीटर अंतर असतं. सोलापूरच्या अक्षवृत्तावर ते साधारण १०६ होतं. आणि ध्रुवावर सगळी एकत्र येतात. आमच्या तालुक्यात दोन माणसं अगदी बरोबर उत्तरेला तोंड करून शेजारी शेजारी चालू लागली, तर तीही हळूहळू जवळ येत असतात. त्यांना ते कळणार नाही.

पुढच्या तासाला मी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं की मागच्या आठवड्यात मी दिलेलं उत्तर अपुरं होतं. क एकच येतो हे खरं. पण क काढायला आपण जो आलेख कागद घेतला, त्यावर आधीच चौकोन छापलेले आहेत, चारही कोन काटकोन असलेले. तसा एक चौकोन अस्तित्वात आहे असं म्हटलं, की पाचवं गृहीतक त्याच्याबरोबर येतंच. छापखान्यात कागदावर पहिला चौकोन उमटला तेव्हाच "एकच" ठरलं होतं. आपण समीकरण त्याच्यानंतर लिहिलं. तू विचारलेला प्रश्न कागदाच्या आधीचा आहे.

वर्ग शांत होता. कुणाला किती कळलं ते मला सांगता येणार नाही. ती मुलगी वहीत काही लिहीत नव्हती, हातातला आलेख कागद उजेडात धरून बघत होती. मग मी त्यांना ओढ्याच्या बांधाची, काठीची आणि सहा बोटांची गोष्ट सांगितली.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर ती मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात घडी घातलेलं पान. त्यांचीही ज्वारी पेरून झाली होती. पेरणी आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने होते, पण तासं ती तासंच. त्यांच्या रानाची एक बाजू तिरपी आहे. तिने पट्टी घेऊन आडवं मोजलं तर १८ इंच, बांधावर मोजलं तर २१. तिला आमच्यासारखा सव्वा मिळाला नव्हता, म्हणून ती आधी जरा हिरमुसली होती. मी म्हटलं, प्रत्येक रानाचा आपला आकडा असतो. आम्ही तिथेच टेबलावर बसलो. १८ आणि २१ म्हणजे ६ आणि ७. कर्ण ७, एक बाजू ६, दुसरी बाजू ४९ वजा ३६ चं वर्गमूळ. चढ म्हणजे तेराचं वर्गमूळ भागिले सहा. तिने कॅल्क्युलेटरवर काढलं, ०.६ च्या किंचित वर. नुसत्या एका पट्टीने तिने आपल्या रानाचा चढ काढला होता, कोनमापक न लावता.

मग तिने पानाच्या मागची बाजू दाखवली. रानाच्या मध्ये त्यांचा एक लिंब आहे. कोपऱ्यापासून बांधाबांधाने २५ हात, आणि बांधापासून काटकोनात आत ३० हात. तेही ती मोजून आली होती. तिला लिंबातून जाणाऱ्या तासाचं समीकरण हवं होतं.

"काढ की," मी म्हणाले.

य = ०.६क्ष + क. तिने ३० घातले, १८ आले. पंचवीसातून अठरा गेले. क = ७. बांधावर कोपऱ्यापासून सात हात. बांधावर दोन तासांत २१ इंच, म्हणजे सात भागिले सहा हात, असं ती पुटपुटली आणि थांबली. पेन्सिलीने भागाकार मांडला. सहा आले.

"मोठ्या बांधापासून सहावं तास," ती म्हणाली. "बरोबर आहे मॅडम. लिंबापाशी तुटतं ना ते, तेच."